पहिला दोना आईच्या हातचा

आमच्या घरात दारूचा विषय निघत नसे. वडील चांद्याला कचेरीत कारकून होते. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत काही छापलेलं दिसलं, तर ते भिंगातून वाचून झाल्याशिवाय आम्हाला चमचाभर औषध मिळत नसे. अशा घरातली मी ग्रामसेविका होऊन धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलात नोकरीला निघाले, तेव्हा आईनं एवढंच बजावलं की तिकडं कुणी पाणी दिलं तर आधी वास घे. मी इमानेइतबारे वास घेत असे. पहिल्या काही आठवड्यांत मी एवढं पाणी हुंगलं की गावातल्या बायकांना वाटलं, शहरातल्या लोकांची पाणी प्यायची हीच रीत असावी. एकदोघी तर पाहुणचार म्हणून आधी स्वतः तांब्या हुंगून मग माझ्यापुढं धरू लागल्या.

मी तेव्हा तापट होते. आताही आहे, पण आता गुडघे साथ देत नाहीत. बाळंतिणींनी काय खावं, पोरांना खरूज झाली तर काय लावावं हे सांगणं, बायकांना शिवण शिकवणं आणि घरोघरी निर्धूर चुली बांधून देणं असं माझं काम होतं. यातल्या चुलीवर माझा फार जीव. जंगलातल्या झोपड्यांत धुरानं बायकांचे डोळे लाल होऊन गेलेले असत. मातीची बंद चूल आणि छपराबाहेर काढलेली नळी, एवढ्यानं ते वाचणार होते. पण कुणी चूल बांधून घ्यायला तयार होईना. मी ओरडले, रुसले, एकदा तर चुलीचा साचा घेऊन झाडाखाली उपाशी बसले. शेवटी एक बाई पुढं आली आणि म्हणाली, माझ्या घरी बांधा. तिला पुढं सगळं गाव चुलीवाली म्हणू लागलं, म्हणून मीही तसंच म्हणते.

चुलीवालीची चूल इतकी सुरेख जमली की मी वरच्या साहेबांना आणून दाखवली. साहेबांनी नळीतून जाणारा धूर बघून मान डोलावली. त्यानंतर केव्हातरी मी न सांगता तिच्या घरी गेले, तर चुलीवर मडक्यावर मडकं चढवलेलं, मधून बांबूची पोकळ नळी निघालेली, आणि घरभर मोहाचा वास. घरी दारू गाळायला आधीपासूनच बंदी होती. त्यामुळं बायका नाल्याकाठी लपून भट्टी लावत आणि वर गेलेल्या धुरानं पकडल्या जात. घरात लावावी तर धुरानं जीव घुसमटे. माझ्या चुलीनं दोन्ही अडचणी एकदम सोडवल्या होत्या. पुढच्या पंधरवड्यात गावातल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडं चूल मागितली, आणि मी कपाळाला हात लावून बसले.

मी चिडून चुलीवालीला नाही नाही ते बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि मोह ढवळत राहिली. मग तिनं मला तिच्या थोरल्या पोराचं सांगितलं. तो ठेकेदाराच्या कूपात, म्हणजे लिलावात घेतलेल्या जंगलाच्या तुकड्यात, लाकूडतोडीला जाई. तिथला मुकद्दम अर्धी मजुरी बाटलीत देई, म्हणजे पोरं दुसऱ्या दिवशी हमखास परत येत. एका पावसाळ्यात थोरला पिऊन घरी यायला निघाला आणि भरलेल्या नाल्यात उतरला.

"पोरगा पोहणारा होता, बाई," ती म्हणाली. "दारू पोहणारी नव्हती."

मग तू स्वतः का गाळतेस, असं मी विचारलं. मला खरंच समजत नव्हतं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीठ खारट का असतं हेच मी विचारलं होतं. ही देवाला लागते, बाळंतिणीला लागते, मयताला लागते, असं ती म्हणाली. पोराला लागत नाही. तिचा धाकटा त्याच वर्षी कूपात जायला लागला होता.

या सुमाराला आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून काढून मुंबई राज्यात घातला गेला होता. गावात त्याची कुणी दखल घेतली नव्हती. तेच जंगल, तोच फॉरेस्ट गार्ड, त्याच्या हातात तीच काठी. पण मुंबईची दारूबंदी आता आपल्याकडंही यायची आहे अशी बातमी आली, आणि लोक मला विचारू लागले की मुंबई नक्की कुठं आहे आणि तिथल्या माणसांना एवढा राग कशाचा आलाय. मग एके दिवशी प्रचाराचे साहेब जीप घेऊन आले. ते पुण्याकडचे होते, कडक इस्त्रीचे आणि मनानं चांगले. त्यांना दारूबंदीच्या बाजूनं गावाचा ठराव हवा होता. जमवाजमव अर्थातच माझ्या गळ्यात पडली.

सभा गोटुलात भरली. गोटुल म्हणजे गावाची बसायची जागा, लाकडी खांब आणि वर छप्पर. पुरुष पुढं बसले, बायका मागं. गावकरी आपसात गोंडी बोलत, पण त्या दिवशी साहेबांसाठी सगळं मराठीत चाललं होतं. साहेब खाकरून उभे राहिले, एवढ्यात गायता उठला. गायता म्हणजे गावाचा देव पुजणारा आणि भांडणं मिटवणारा वडील माणूस. त्यानं कडेचा भोपळ्याचा तुंबा घेतला आणि मधल्या खांबाच्या बुडाशी धार सोडली. वास आल्याबरोबर साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. इतकं पाणी हुंगल्यानंतर तो वास मला चांगलाच ओळखीचा झाला होता.

साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय. गायत्यानं समजावून सांगितलं की देवाला दिल्याशिवाय या गावात ठराव होत नाही, आणि पंचांनी एकेक दोना, म्हणजे पानाचा द्रोण भरून, घेतल्याशिवाय त्यांचा शब्द धरला जात नाही. साहेब म्हणाले, "अहो, पण आपण दारूबंदीचा ठराव करणार आहोत."

"हो," गायता म्हणाला. "म्हनून तं जरा जास्त आनली."

त्यात काडीचीही थट्टा नव्हती. मोठ्या कामाला देवाचा वाटा मोठा, एवढाच त्याचा हिशेब. साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं की यातून काही मार्ग आहे का. मी म्हटलं, ओतू दिली नाही तर ठराव नाही, आणि ओतू दिली तर दारू आहे, तुम्हीच ठरवा. तेव्हा साहेबांना जीपच्या चाकात हवा कमी असल्यासारखं वाटलं. ड्रायव्हर म्हणाला, हवा भरपूर आहे. साहेब म्हणाले, परत बघू. पळसाचे दोने पंचांत फिरत होते तोवर साहेबांनी चारही चाकं पाठमोरं उभं राहून तपासली, आणि तरीही पंच उरले होते म्हणून मागं टांगलेलं पाचवं चाकही तपासलं.

मग भाषण झालं. दारूनं संसार कसे उद्ध्वस्त होतात, राष्ट्र कसं मागं पडतं, सगळं नीट मुद्देसूद. लोक शांतपणे ऐकत होते. एकानं एवढंच विचारलं की आधीचं सरकार म्हणे, घरची पिऊ नका, आमच्या दुकानातली घ्या, आणि घरी सापडली की दंड करी, आता दुकानातलीही नको म्हणता, तर मग आम्ही दंड कशाचा भरला. साहेब म्हणाले, ते राज्य वेगळं होतं. गायत्यानं मान डोलावली. "मोह तं तेच हाये," तो म्हणाला, आणि तो विषय तिथंच संपला.

साहेबांनी तिथंच थांबायला हवं होतं. पण ते प्रामाणिक गृहस्थ, कायद्यातलं काही लपवून ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी सांगितलं की बंदी सर्वांना आहे, मात्र अमुक एका वयाच्या पुढच्या माणसाला तब्येतीसाठी लागते असं डॉक्टरनं लिहून दिलं, तर परवाना मिळू शकतो. तोवर अर्धी सभा डुलक्या घेत होती. ती एकदम सरळ बसली.

वय किती, ते साहेबांनी सांगितलं, पण त्या आकड्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. तिथं वय बांबूवर चालायचं. जंगलातला कटांग बांबू माणसाच्या आयुष्यात फार तर एकदोनदा फुलतो, आणि फुलला की सगळीकडं एकदम फुलतो आणि मरतो. कुणाचं वय विचारलं की उत्तर यायचं, कटांग फुलला तेव्हा मी रांगत होतो, किंवा कटांग फुलला तेव्हा माझं लग्न झालं होतं. गायत्यानं जाहीर केलं की त्यानं कटांग दोनदा फुललेला पाहिला आहे. त्यावर त्याच्या शेजाऱ्यानंही दोनदा पाहिला. गेल्याच उन्हाळ्यात दुसरी बायको आणताना ज्यानं आपण अजून जवान असल्याचं गावभर सांगितलं होतं, तो आमच्या डोळ्यांदेखत पाठीत वाकला आणि खोकू लागला. एकजण म्हणाला, पहिला फुलोरा आला तेव्हा मी आईच्या पोटात होतो, तेव्हा तोही मी पाहिलाच की. पोटातून पाहिलेलं धरायचं की नाही यावर बरीच गंभीर चर्चा झाली. आई त्या वेळी बांबूच्या बनात गेली होती की घरीच होती, यावर ते अवलंबून आहे असं मत पडलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. वाटेत वाघाचा रस्ता लागायचा आणि दिवे लागायच्या आत त्यांना डाकबंगला गाठायचा होता. हे कळताच गायत्यानं हातानं खूण केली आणि सगळ्या गावानं दारूबंदीच्या बाजूनं हात वर केले. म्हातारे, जवान, खोकणारा, पोटातून पाहिलेला, सगळे. साहेबांचे डोळे पाणावले. पाहुण्याला अंधारात वाघाच्या तोंडी द्यायचं नाही, म्हणून ते हात वर झाले होते, हे त्यांना मी सांगितलं नाही. जीप धुरळा उडवत गेली. लोकांनी हात खाली घेतले आणि गायता म्हणाला, आता बसा, बोलू.

तेव्हा चुलीवाली उठली. बायकांनी सभेत बोलू नये असं काही तिथं नव्हतं, पण सहसा कुणी बोलत नसे. ती गायत्याकडं बघून बोलली. साहेबाचा कायदा म्हणजे जंगलाच्या कायद्यासारखा आहे, असं ती म्हणाली. जंगलात सगळ्यालाच बंदी, लाकडाला बंदी, चराईला बंदी, म्हणून आपण सगळंच आणतो. सगळ्यांना बंदी केली की कुणालाच ती आपली वाटत नाही. तिला थोडीशीच बंदी पाहिजे होती, पण खरी.

"मुकद्दम माह्या लहान्याले बाटली दाखवून राह्यला," ती म्हणाली. "मोठा गेला. पोराइले कधी द्याची आन् कधी नाई, थे गावानं ठरवावं. मंग थे पोरं आयकतील."

थोरल्याला नाल्यातून काढणाऱ्यांपैकी दोघंतिघं तिथंच बसले होते. मग गायत्यानं विचारलं की ठीक आहे, पण पोरगा मोठा झाला हे कशावरून धरायचं. मी तत्परतेनं सांगितलं, एकवीस वर्षं. सगळ्यांनी माझ्याकडं मायेनं पाहिलं, लहान मूल काहीतरी बोललं की पाहतात तसं, आणि पुढं बोलू लागले.

एकानं सुचवलं, ज्याला मिशा फुटल्या तो मोठा. सगळ्यांच्या नजरा गायत्याकडं वळल्या, कारण गायत्याच्या ओठावर उभ्या आयुष्यात काही उगवलं नव्हतं. ते बारगळलं. दुसरा म्हणाला, ज्याचं लग्न झालं तो. त्यावर बायकांनी त्याच्याच घरातलं एक उदाहरण काढलं आणि तो खाली बसला. तिसरा म्हणाला, जो भरली कावड बाजारापर्यंत न उतरवता नेतो तो. हे बऱ्याच जणांना पटलं, पण चुलीवाली म्हणाली की माझा धाकटा आताच नेतो, आणि अजून झोपेत आईला हाक मारतो. धाकटा मागं खांबाला टेकून बसला होता. त्याचे कान लाल झाले. मला त्याची दया आली आणि हसूही आलं.

वाद असाच फिरत राहिला. मी दोनदा संतापून मध्ये बोलले, दोन्ही वेळा मला कुणीतरी पाणी दिलं. शेवटी चुलीवालीनंच तोड काढली. ती म्हणाली, पोरगा मोठा झाला की नाही हे त्याच्या आईला कळतं, दुसऱ्या कुणाला कळायचं कारण नाही. म्हणून पहिला दोना आईनं आपल्या हातानं द्यायचा. तिनं दिला की पोरगा मोठा. तिनं दिला नाही तोवर तो गावात, बाजारात, कूपात, कुठंही कुणाच्या हातची घेणार नाही. आई नसली तर मावशी किंवा मोठी बहीण. कुणीतरी म्हणालं, बाप का नको. बायकांच्या बाजूनं एकदम हशा उठला. बापानं एक पाजली की दुसऱ्या दिवशी तो सोबतीला बसवतो, हे सांगायचीही गरज पडली नाही.

पुरुष विचारात पडले. नियम साधा होता, त्यात आकडे नव्हते, आणि आईला नाही म्हणणं कुणालाच जमण्यासारखं नव्हतं. गायत्यानं तुंबा उचलला. देवाला धार द्यायची, की ठराव झाला. इतक्यात सगळ्यात मागून गायत्याच्या आईचा आवाज आला.

ही म्हातारी मुठीत मावेल एवढी होती. तिला ऐकू येत नाही असं गायता सगळ्यांना सांगत असे. खरं तर तिला फक्त गायत्याचं बोलणं ऐकू येत नसे. ती गोंडीत काहीतरी म्हणाली आणि गायत्याचा तुंबा हातातच राहिला. मी शेजारच्या बाईला विचारलं. तिनं तोंडावर पदर धरून सांगितलं, म्हातारी म्हणते की यानं माझ्या हातची कधी घेतलीच नाही, बापाच्या मडक्यातून चोरून घेतली होती.

म्हणजे नव्या नियमानं गायताच अजून लहान होता. ज्यानं कटांग दोनदा फुललेला पाहिला, ज्यानं सगळ्या गावाची लग्नं लावली, तो. मग एका तरुणानं पुढचा हिशेब मांडला. लहान पोरानं ओतलेली धार देवाला पोचत नसणार, तेव्हा आजचा आधीचा ठरावही झालेला नाही. म्हणजे मुंबई सरकारची दारूबंदीही अजून मंजूर व्हायचीच आहे. सभेत समाधानाची लाट पसरली.

गायता उठला, मागं गेला आणि आईपुढं उकिडवा बसला. म्हातारीनं घाई केली नाही. तिनं त्याला नीट न्याहाळलं. गेल्या पावसाळ्यात गळणारं छप्पर का शाकारलं नाही, असं तिनं विचारलं. शाकारतो, तो म्हणाला. बायकोवर का ओरडतोस, असं विचारलं. त्यानं मान खाली घातली. त्याची बायको शेजारीच बसली होती. तिनं म्हातारीच्या कानाशी लागून आणखी दोन गोष्टी सुचवल्या आणि म्हातारीनं त्याही विचारल्या. हसून हसून माझ्या पोटात कळ आली होती, पण बाकीचं गाव गंभीर होतं. शेवटी म्हातारीनं दोना घेतला, त्यात धार सोडली, अर्ध्यावर थांबली, थोडा विचार केला आणि तेवढाच दिला. गायता तो प्यायला, उठला, आणि मग देवाला पुन्हा पहिल्यापासून धार दिली. नियम लागू झाला. साहेबांचा ठराव नव्यानं करायची आठवण कुणालाच राहिली नाही.

त्या वर्षी गावातल्या आयांना जे दिवस आले ते आधी कधी आले नव्हते. न सांगता लाकडं फोडलेली, पाणी भरलेलं, कुंपणं नीट केलेली. मिसरूड फुटलेली पोरं आईच्या मागंमागं हिंडत आणि आया त्यांना अजून थोडा वेळ आहे म्हणून सांगत. कूपातल्या मुकद्दमानं आधी थट्टा केली, मग शिव्या दिल्या. पोरं म्हणत, आई नाई म्हणते, आणि रोख मजुरी मागत. मी विकास गटाच्या बैठकीला गेले की प्रचाराचे साहेब माझ्या गावाचं उदाहरण देत, आणि मी खिडकीबाहेर बघत बसे.

चुलीवालीनं मात्र हे सगळं हसण्यावारी नेलं नाही. पावसाळ्यात रोज दिवस कलला की ती नाल्याच्या काठावर जाऊन उभी राही. धाकटा पलीकडच्या काठावर दिसे, नीट पावलं टाकत, कुऱ्हाड खांद्यावर. तो पाणी ओलांडून येईपर्यंत ती काही बोलत नसे. आला की त्याच्यावर ओरडे, उशीर काऊन केला म्हणून. मी तिच्याबरोबर काही वेळा गेले. तो दिसेपर्यंत मीही पलीकडची झाडं मोजत राही.

पुढच्या उन्हाळ्यात धाकट्याचं लग्न ठरलं, आणि चुलीवाली आपल्याच नियमात अडकली. देवापुढं नवरा-नवरीनं एका दोन्यातून घेतल्याशिवाय तिथं लग्न पुरं होत नाही. आणि धाकट्याला तिनं अजून पहिला दोना दिला नव्हता. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी ती माझ्याकडं आली. चुलीपाशी बसली, उगाच राख सारत राहिली. तिला सुनेची काळजी नव्हती, जेवणावळीची नव्हती. तिचा हातच उठत नव्हता. थोरल्याला तिनं पाजली नव्हती म्हणून त्यानं परक्याच्या हातची घेतली. आता याला ती स्वतः पाजणार, आणि मग हाही निघाला त्याच वाटेनं तर.

"मंग मी कोनाले बोलू, बाई?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, गुळाचं पाणी दे. ती माझ्याकडं बघून उठून गेली.

लग्नाला गाव लोटलं होतं. बंदी आता खरोखरच आली होती, म्हणून ठाण्यातल्या शिपायाला मुद्दाम आमंत्रण दिलेलं होतं, कारण जेवायला आलेला माणूस पाहुणा असतो. त्यानं टोपी काढून मांडीखाली ठेवली होती, आणि ती दिसत नसल्यानं तो निर्धास्त होता. खरी गर्दी होती ती गावातल्या लग्नाळू पोरांची आणि त्यांच्या आयांची. चुलीवालीनं आज दिला की उद्यापासून सगळ्या आयांना द्यावं लागणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. नवरी पार्लकोटा नदीच्या पलीकडच्या गावची, बारीक चणीची. आल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं.

गायत्यानं धार दिली आणि तुंबा चुलीवालीच्या हातात दिला. धाकटा तिच्यापुढं वाकला. तिनं ओतलं. नजर पोराच्या तोंडावर होती, निम्मं जमिनीवर गेलं. अर्धा दोना तो प्यायला, अर्धा नवरीनं घेतला. ढोल सुरू झाला. चुलीवाली तिथंच उभी राहिली. मग तिनं तुंबा नवरीच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आता याचं तू पाह्य."

तोवर पोरांनी धाकट्याला खांद्यावर घेतला होता. झाला एकदाचा मोठा, असं ओरडत त्याला मोठ्या माणसांच्या घोळक्यात नेऊन बसवला. कुणीतरी त्याच्या हातात नवा दोना दिला. त्यानंही रुबाबात तो बायकोपुढं धरला, भर म्हणून. मी चुलीवालीकडं पाहिलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. नाल्याच्या काठावर असायचा तोच.

नवरीनं रिकाम्या दोन्याकडं पाहिलं. सासूकडं पाहिलं. मग तिनं पानांचा बोळा करून तुंब्याच्या तोंडात घट्ट बसवला.

"माह्या हिशेबानं याचं वय अजून भरलं नाई," ती म्हणाली.

मांडवात असा हशा उसळला की ढोलवाला थांबला. शिपाई सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. गायत्याची म्हातारी आई गुडघ्यावर थापा मारत होती. धाकट्यानं क्षणभर दोन्याकडं पाहिलं, कान लाल झाले, आणि मग तोही हसला आणि दोना जमिनीवर उपडा ठेवला. चुलीवालीही हसली. हसता हसता ती खाली बसली आणि थोरल्या पोराचं नाव घेऊन मोठमोठ्यानं रडू लागली. ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. इतका काळ तिनं ते कधी उच्चारलं नव्हतं.

मी तिच्याजवळ मातीत बसले. मलाही रडू आवरेना. थोड्या वेळानं नवरी तुंबा बगलेत धरून आली आणि तिच्या दुसऱ्या बाजूला बसली.